गाठ हाताला लागत नाही, मग मानेचं ऑपरेशन कशासाठी?

पत्र

माझ्या वडिलांच्या, आम्ही त्यांना नाना म्हणतो, जिभेच्या डाव्या कडेला तीन-चार महिन्यांपासून जखम होती. दाताची कड लागते म्हणून भरत नसेल, असं वाटून आम्ही दात घासून घेतला, मलम लावलं. शेवटी नाशिकला तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. नानांचं वय ५७. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. तंबाखू-चुन्याची सवय तरुणपणापासून. एमआरआयमध्ये जखम १.८ सेंटिमीटर आणि खोली साधारण ५ मिलिमीटर लिहिली आहे. मानेत हाताला काही लागत नाही. सोनोग्राफीत डाव्या बाजूला ९ मिलिमीटरची एक गाठ दिसली, पण ती 'रिअ‍ॅक्टिव्ह वाटते' असं रिपोर्ट म्हणतो.

पहिले सर्जन म्हणाले, जिभेबरोबरच मानेच्या गाठी काढून टाकू. दुसरे म्हणाले, सेंटिनल नोड बायोप्सी करता येईल, त्यात दोन-तीनच गाठी काढून बघतात. काकांचं म्हणणं, गाठच नाही तर मान कशाला कापायची? आधी जिभेचं करू, पुढचं पुढे. गावाकडचे ओळखीचे डॉक्टर म्हणतात, ती ९ मिलिमीटरची गाठ इथेच जागेवर भूल देऊन काढू, तपासू आणि मग ठरवू. आत्या तर म्हणते, सुई लागली की हा आजार पसरतो. त्यात ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे आणि मानेच्या ऑपरेशननंतर हात वर जात नाही असं ऐकलंय. नानांना आम्ही अजून 'जखम आहे' एवढंच सांगितलं आहे. काय करावं?

— एक मुलगी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, आधी सरळ सांगते. तुम्ही लिहिलेले चारही सल्ले एका तागडीत तोलायचे नाहीत. दोन सर्जनांनी सांगितलेले दोन्ही मार्ग योग्य आहेत. त्यांतला कुठला, हे नाना कुठे उपचार घेणार यावर ठरेल. काकांचा 'पुढचं पुढे' आणि गावाकडच्या डॉक्टरांचा 'ही एक गाठ काढून बघू', हे दोन मात्र बाजूला ठेवा. दोघांनीही ते काळजीपोटीच सांगितलं असणार, पण या आजारात दोन्ही महागात पडतात.

काकांचा प्रश्न खरं तर अगदी रास्त आहे. जिथे काही दिसत नाही, लागत नाही, तिथे चाकू का चालवायचा? उत्तर असं की हाताला लागायला गाठ किमान सेंटिमीटरभर तरी व्हावी लागते, आणि जिभेच्या कॅन्सरच्या पेशी गाठीत शिरतात तेव्हा त्यांचा पुंजका दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असू शकतो. तो बोटाला कळत नाही. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांनाही तो दिसेलच असं नाही. पेट स्कॅन केला तरी इतकं बारीक निसटतं, आणि उलट किडलेल्या दातामुळे सुजलेली साधी गाठ त्यात चमकते. म्हणून रिपोर्टमध्ये मान 'स्वच्छ' असलेल्या रुग्णांची मान प्रत्यक्ष उघडून गाठी तपासल्या, तर साधारण १०० पैकी २० ते ३० जणांत आजार आत लपलेला सापडतो. जीभ सतत हलणारी आहे, तिच्यात लसिकावाहिन्यांचं, म्हणजे गाठींकडे पातळ द्रव (लसिका) नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, दाट जाळं आहे, त्यामुळे तिथला आजार मानेकडे लवकर निघतो.

मग थांबून पाहिलं तर काय होतं? या प्रश्नाचं जगातलं सर्वांत भक्कम उत्तर आपल्याच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिलं आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. नानांसारखेच रुग्ण होते: तोंडातला सुरुवातीचा, एका बाजूचा कॅन्सर आणि मानेत गाठ नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेच्या गाठी काढल्या. दुसऱ्यात फक्त तोंडाचं ऑपरेशन केलं आणि मानेवर नजर ठेवली. गाठ आली तरच मानेचं ऑपरेशन. म्हणजे नेमकं काका म्हणतात तसं. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण आधीच गाठी काढलेल्या गटात ८० टक्के होतं, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. आजार परत न येता राहिलेले पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्या गटात ४५.९. प्रत्येक गटात साधारण अडीचशे माणसं होती. मृत्यू झाले पहिल्या गटात ५०, दुसऱ्या गटात ७९.

हे आकडे काकांना दाखवा. आणि हेही सांगा की थांबलेला गट वाऱ्यावर सोडलेला नव्हता. त्यांना ठरल्या तारखांना बोलावून मान तपासली जात होती. तरीही गाठ हाताला लागेपर्यंत अनेकांत आजार पुढे गेलेला असायचा, गाठीचं वेष्टन फोडून बाहेर आलेला असायचा, आणि तिथून माणूस मागे खेचणं फार अवघड होतं. तपासणीला काटेकोरपणे येणाऱ्या रुग्णांत हे घडत असेल, तर हंगामात महिनामहिना बागेतून बाहेर न पडणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत 'पुढचं पुढे' हा धोका मी कधीच पत्करणार नाही.

सरसकट प्रत्येक जिभेच्या कॅन्सरमध्ये मान उघडावी असं मात्र नाही. कळीचा मुद्दा लांबी-रुंदीपेक्षा खोलीचा आहे. म्हणूनच २०१८ पासून वापरात आलेल्या आठव्या आवृत्तीच्या स्टेजिंगमध्ये, म्हणजे आजाराची पायरी ठरवण्याच्या पद्धतीत, खोली थेट टी-स्टेजमध्ये (मूळ जखमेच्या पायरीत) धरली जाते: २ सेंटिमीटरपर्यंतची आणि ५ मिलिमीटरपर्यंत खोल जखम टी-वन, त्याहून खोल गेली की आकाराने लहान असली तरी टी-टू. टाटाच्या अभ्यासातही मानेच्या ऑपरेशनचा फायदा ३ मिलिमीटरपेक्षा खोल आजारात स्पष्ट दिसला. अगदी वरवरच्या, दोन-अडीच मिलिमीटरच्या आजारात सर्जन आधी फक्त जीभ करून अंतिम रिपोर्टची वाट पाहू शकतात. नानांची खोली पाचच्या आसपास आहे. एमआरआयवरची खोली आणि मायक्रोस्कोपखालची खोली तंतोतंत जुळत नाही, मिलिमीटरभर इकडे-तिकडे होतं. पण पाचाचे चार झाले तरी निर्णय बदलत नाही.

आता त्या ९ मिलिमीटरच्या गाठीकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली.

मानेत गाठी प्रत्येकाच्या असतात. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, तसंच दाढ किडली, घसा आला की जबड्याखालच्या गाठी सुजतात. रेडिओलॉजिस्ट 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणतात तेव्हा त्यांना गाठ लांबट दिसलेली असते, तिच्या मध्यभागी चरबीची नेहमीची पांढरी रेघ शाबूत असते. गाठ गोल झाली, ती रेघ पुसली गेली, मधोमध गळाल्यासारखं काळं दिसलं, तर संशय घ्यायचा. संशय आला की पहिली पायरी सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, तीही सोनोग्राफीत गाठ बघत बघत. इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई, दोन मिनिटांचं काम, टाका नाही. तिच्यात कॅन्सर आला तर मानेचं ऑपरेशन नक्की ठरतं, त्याचा आवाका वाढू शकतो, आणि सेंटिनलचा विषय तिथेच संपतो. सेंटिनलसाठी मान निर्दोष असणं ही पहिली अट आहे. सुईत काही आलं नाही तर? तर नानांची मान सुटली असं होत नाही. एका गाठीतून सुईने चार पेशी उचलल्या आणि त्या चांगल्या निघाल्या, एवढंच त्याने कळतं. नानांच्या सर्जनना रेडिओलॉजिस्टशी बोलून विचारा की ही सुई लावायची गरज आहे का. दोन-तीन दिवसांत उत्तर मिळेल.

पण ती गाठ कापून काढू देऊ नका. तोंडात कॅन्सर आहे हे माहीत असताना मानेतली एकच गाठ सुटी काढून तपासणं ही जुनी आणि घातक सवय आहे. त्या गाठीत आजार असेल तर ती काढताना फुटून पेशी आजूबाजूला सांडू शकतात. नसेल तरी तिथे व्रण होतो, थर एकमेकांना चिकटतात, लसिकेचे मार्ग बदलतात. पुढे कॅन्सर सर्जनला त्याच जागी नसा वाचवत काम करायचं असतं, ते कठीण होऊन बसतं. सेंटिनलचा पर्यायही हातचा जातो. आणि इतकं करून उत्तर काय मिळतं? एका गाठीचं. तिच्या शेजारच्या वीस गाठींबद्दल अवाक्षर नाही.

हाच घोळ उलट बाजूनेही होतो, म्हणून इतर वाचकांसाठी चार ओळी. तंबाखू खाणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत टणक गाठ आली की आपल्याकडे 'टीबीची असेल' म्हणून सुईची तपासणी न करताच सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. टीबीच्या गाठी आपल्याकडे खूप आहेत, हे खरं. पण टीबीसुद्धा सुईनेच ओळखता येतो. आधी तोंड, जीभ, घसा बॅटरी लावून नीट बघायचे, मग सुई. गाठ कापून काढायची वेळ आलीच, तर ती या दोन्हींनंतर.

आत्यांची समजूत काढणं तुम्हालाच जमेल. सुईने आजार पसरला असं वाटतं, कारण तपासणी झाली आणि पुढच्या दोन महिन्यांत माणूस खालावला, असं लोकांनी पाहिलेलं असतं. त्या माणसांचा आजार तपासणीच्या आधीच पुढे गेलेला होता, आणि अनेकदा तपासणीनंतर उपचारच झाले नाहीत. जिभेच्या तुकड्याशिवाय, आणि गरज असेल तिथे मानेच्या सुईशिवाय, उपचार नीट ठरवताच येत नाहीत.

दुसऱ्या सर्जननी सांगितलेली सेंटिनल नोड बायोप्सी ही गावाकडच्या डॉक्टरांच्या 'एक गाठ काढू'सारखीच वाटते, पण ती अगदी वेगळी आहे. बागेत पाटाचं पाणी सोडलं की ते आधी पहिल्या वाफ्यात शिरतं, मग पुढच्या. जखमेतून निघालेला लसिकेचा प्रवाहही आधी ठरावीक एक-दोन गाठींत जातो. आजार निघालाच असेल तर तो आधी तिथे सापडायला हवा. त्या गाठी नेमक्या कुठल्या, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि अंदाजानेही नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी जिभेवरच्या जखमेभोवती टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची अगदी अल्प मात्रा टोचतात. गॅमा कॅमेऱ्याखाली ते द्रव्य कुठल्या गाठींत जाऊन बसलं याचे फोटो घेतात, त्याला सीटीची जोड देऊन जागा पक्की करतात. मग ऑपरेशन टेबलवर पेनासारखी दिसणारी प्रोब मानेवर फिरवतात. गाठीजवळ आली की ती वाजते. तेवढ्याच गाठी, बहुधा दोन-तीन, काढतात.

यापुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं, आणि खरी मेख तिथे आहे. नेहमीच्या पद्धतीने गाठ मधून चिरून एक-दोन काप बघितले तर तो बारीक पुंजका निसटेल. इथे गाठीचे मिलिमीटरच्याही अंशाच्या अंतराने कापांमागून काप घेतात, विशेष रंगद्रव्याने रंगवतात, आणि प्रत्येक काप बघतात. याला दिवस लागतात. ऑपरेशन सुरू असतानाच गोठवून केलेल्या झटपट तपासणीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे नाना घरी येतील, टाके भरत असतील आणि मग रिपोर्ट येईल. त्यात आजार निघाला तर पुन्हा भूल, पुन्हा मान.

ही पद्धत भरवशाची आहे का? आहे. युरोपातल्या १४ केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात ४१५ रुग्ण होते. त्यांतल्या ९४ जणांचा लपलेला आजार या पद्धतीने सापडला, १५ जणांचा निसटला. 'काही नाही' असा रिपोर्ट आला तर तो १०० पैकी ९५ वेळा खरा ठरला. पुढे फ्रान्स आणि जपानमध्ये ही पद्धत आणि पूर्ण मानेचं ऑपरेशन समोरासमोर ठेवून पाहिलं. जपानच्या अभ्यासात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, तीन वर्षांनी हयात असणारे सेंटिनल गटात ८७.९ टक्के आणि पूर्ण ऑपरेशनच्या गटात ८६.६. म्हणजे जीव वाचवण्यात ती कमी पडली नाही, आणि मान-खांद्याचा त्रास तिच्यात कमी होता. नानांची जखम जिभेच्या कडेला आहे, हेही या पद्धतीच्या बाजूचं. जिभेखालच्या जागेत जखम असती तर अडचण होती, कारण टोचलेल्या द्रव्याचा लखलखाट शेजारच्याच गाठीला झाकून टाकतो. आणि गुटख्यामुळे होणारा गाल आणि हिरड्यांमधल्या खाचेतला कॅन्सर, जो आपल्याकडे इतका दिसतो, त्याच्याबद्दल सेंटिनलचा अनुभव अजून जिभेइतका जमा झालेला नाही.

इतकं चांगलं असूनही मी सर्वांना सेंटिनल घ्या असं का म्हणत नाही? कारण हे आकडे त्या केंद्रांचे आहेत जिथे न्यूक्लिअर मेडिसिन, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट ही तिन्ही माणसं हे काम नेहमी, एकत्र करतात. साखळीतली एक कडी कच्ची असली तर 'आजार नाही' हा रिपोर्ट खोटा दिलासा ठरतो. आणि तो खोटा होता हे कळतं केव्हा? गाठ वर आल्यावर. म्हणजे फिरून तिथेच, जिथे टाटाच्या अभ्यासातले थांबलेले रुग्ण पोचले. म्हणून दुसऱ्या सर्जनना संकोच न करता विचारा: तोंडाच्या कॅन्सरसाठी हे तुमच्याकडे नियमित होतं का? (स्तनाच्या कॅन्सरमध्ये सेंटिनल रुळलेलं आहे, त्याचा अनुभव वेगळा.) गॅमा प्रोब आणि कॅमेरा आहे की फक्त निळा डाय (टोचायचा निळा रंग)? गाठीचे काप कोण आणि किती बारीक बघणार? रिपोर्ट किती दिवसांत? आजार निघाला तर पुढच्या ऑपरेशनची तारीख आधीच धरून ठेवाल का? उत्तरं ठाम आली तर तो मार्ग निर्धास्तपणे घ्या. 'बघू', 'मॅनेज करू' अशी आली तर पहिल्या सर्जनकडे जा.

माझं मत विचाराल तर: नियमित सेंटिनल करणारं केंद्र सहज हाताशी नसेल, तर नानांनी जिभेच्या ऑपरेशनबरोबरच डाव्या बाजूच्या मानेच्या गाठी काढून घ्याव्यात. एकच भूल, एकच मुक्काम, आणि उत्तर पक्कं. जखम मध्यरेषेपासून दूर आहे ना, एवढं सर्जनना विचारून घ्या. जीभ मध्यापर्यंत धरलेली असेल तर दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो.

'मान कापणार' या शब्दांनी घरात जी धडकी भरली आहे, ती थोडी कमी करू. पूर्वीच्या काळी या ऑपरेशनमध्ये मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याची नस, तिन्ही काढत. मान एका बाजूने बसलेली आणि खांदा उतरलेला असे रुग्ण लोकांनी पाहिलेत, त्यातून ही भीती आली आहे. नानांसारख्या रुग्णात आता हे तिन्ही ठेवून फक्त गाठी असलेली चरबी काढतात, जबड्याखालपासून मानेच्या मधल्या भागापर्यंत. डॉक्टर त्याला लेव्हल एक ते तीन म्हणतात. जिभेच्या आजारात काही सर्जन चौथीही घेतात. चीर मानेच्या सुरकुतीत लपते.

पण खांद्याची भीती निराधार नाही, आणि तुमच्या नानांच्या कामात तर ती मोठीच गोष्ट आहे. खांदा उचलणारी नस दुसऱ्या लेव्हलमधूनच जाते. ती शाबूत ठेवली तरी ऑपरेशनमध्ये ताणली जाते, आणि पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, हात खांद्याच्या वर नेताना जड वाटतो, दुखतो. मांडवाखाली उभं राहून छाटणी, डिपिंग, विरळणी, सगळं काम डोक्याच्या वर हात करूनच. म्हणून सर्जनना तुम्हीच आवर्जून सांगा की हा माणूस बागायतदार आहे, स्वतः कात्री धरतो. नसेच्या मागे गाठींचा एक छोटा भाग असतो. तो काढताना नस सर्वांत जास्त ताणली जाते, आणि मान स्वच्छ असताना तिथे आजार क्वचितच सापडतो. तो भाग घ्यायचा की ठेवायचा, यावर सर्जन रुग्णाचं काम लक्षात घेऊन विचार करू शकतात. ऑपरेशननंतर ड्रेनच्या नळ्या निघाल्या की फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे व्यायाम शिकून घ्या आणि दुखत असलं तरी रोज करवून घ्या. डाव्या ओठाची कड काही दिवस वाकडी दिसू शकते, कारण तिथली बारीक नस जबड्याखालूनच जाते. बहुतेकांची ती सुधारते. यंदाची छाटणी टोळीला द्यावी लागेल, त्याला इलाज नाही. छाटणी उरकून मग ऑपरेशन, असं मात्र अजिबात करू नका.

हे सगळं नानांना न सांगता कसं ठरवणार? एकच ऑपरेशन आणि थोडा जास्त खांदादुखीचा धोका, की कमी त्रासाचं पहिलं ऑपरेशन आणि दुसऱ्याची टांगती शक्यता, ही निवड त्यांच्या शरीराची आहे. सहीही त्यांनाच करायची आहे. पुढच्या भेटीला नानांना आत, सर्जनसमोरच्या खुर्चीवर बसवा. 'जिभेचा कॅन्सर आहे, सुरुवातीचा आहे, ऑपरेशनने बरा होण्यासारखा आहे,' हे सर्जनकडूनच येऊ द्या. तीन महिने न भरलेली जखम, एमआरआय, नाशिकच्या फेऱ्या, यावरून नानांना संशय आला नसेल असं मला वाटत नाही. मनात ठेवून एकटे झुरत असतील.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट हातात आला की एक ओळ शोधा. ती साधारण अशी असते: 'डावी मान, लेव्हल एक ते तीन, ०/२४.' म्हणजे २४ गाठी तपासल्या, एकीतही आजार नाही. खालचा आकडा १८ किंवा त्याहून मोठा असेल तर मान पुरेशी साफ झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. तो सात-आठच असेल तर का, हे विचारा. वरचा आकडा शून्य आणि जिभेच्या काढलेल्या भागाच्या कडा साफ असतील तर बहुधा पुढे फक्त नियमित तपासणी. एखाद्या गाठीत आजार असेल तर रेडिएशनचा विचार होतो. गाठीचं वेष्टन फुटलेलं असेल किंवा काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत आजार असेल, तर रेडिएशनबरोबर केमोथेरपीही. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. म्हणून किडलेल्या दातांचं काम आत्ताच, ऑपरेशनच्या आधी दाखवून घ्या. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

तंबाखू आजपासून बंद. टाके भरायलाही आणि तोंडात दुसरा कॅन्सर होऊ नये म्हणूनही. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, तिथून सोडण्यासाठी मदत मिळते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटा. सेंटिनलच्या स्कॅनचा खर्च त्यात बसतो का, हे त्याच वेळी विचारा.

परळला दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण नाशिकची ऑपरेशनची तारीख हातात ठेवून. ती रद्द करून तिकडच्या रांगेत उभं राहू नका. नानांच्या आजाराला आठवडे चालतील, महिने चालणार नाहीत. पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर दादरला उतरा, तिथून परळ जवळ आहे. सोबत नुसते रिपोर्टचे कागद नेऊन भागत नाही. एमआरआयची सीडी घ्या, आणि ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) अर्ज करून मागून घ्या. तिकडचे पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक मिळायला लॅबला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा अर्ज उद्याच द्या.